राज्य बदललं आणि लेकीचं 'गिफ्टेड' मागेच राहिलं – जॉर्जियातल्या अनुभवींनो, मदत करा

कैरी_पन्हं

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून पहिलाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

जुलैत आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून अटलांटाच्या उत्तरेला राहायला आलो. कारण नवऱ्याची नोकरी. लेक आता तिसरीत आहे, धाकटा पहिलीत. तिकडे दुसरीत असताना लेकीची जी अँड टीसाठी (गिफ्टेड अँड टॅलेंटेड, हुशार मुलांसाठीचा खास कार्यक्रम) निवड झाली होती. आठवड्यातून दोनदा वर्गातून बाहेर काढून वेगळ्या बाई शिकवायच्या. आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल, कोडी, वादविवाद असलं काय काय. पोरगी त्या दोन दिवसांसाठी शाळेत जायची म्हटलं तरी चालेल.

इकडे नाव घालताना ते निवडीचं पत्र मी फाईलमध्ये अगदी वर ठेवलं होतं. ऑफिसातल्या बाईंनी गोड हसून वाचलं, झेरॉक्स काढली आणि म्हणाल्या, हे इथे चालत नाही, सगळं पुन्हा करावं लागेल. आणि तेही लगेच नाही. आधी वर्गशिक्षिकेला ती जरा कळू दे, मग बघू.

ऑगस्ट संपत आला (इकडे शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते, तिकडची जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संपलेली, मधली सुट्टी कोणी खाल्ली देव जाणे). अजून काही हालचाल नाही. मी पुन्हा विचारलं तर "वुई विल कीप अॅन आय ऑन हर". काल लेकीने झोपताना विचारलं, "आई, मग मी आता नॉर्मल आहे का?" मला हसू आलं आणि पोटात कालवलंही.

एका राज्यात निवड झालेली दुसऱ्यात का धरत नाहीत? मी मागे लागू की गप्प बसू? बाहेरून चाचणी करून घेतली तर चालेल का? कोणी यातून गेलंय?

ता.क. आईला फोनवर हे सगळं अर्धा तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "ते ठीक आहे गं, पण गिफ्ट मिळालं का?"

---

भोवरा

आई भारी आहेत! :)
वाचतोय. आम्ही नाताळात नॉर्थ कॅरोलायनाहून तिकडेच येतोय. मुलगा तिथे एआयजीत (तिकडचा गिफ्टेड कार्यक्रम) आहे. म्हणजे आमचीही झेरॉक्स निघणार तर.

---

दक्षिणमुखी

कैरी, स्वागत. मी इथे नऊ वर्षं आहे, दोन्ही मुलं यातून गेली. एकाचं झालं, एकीचं नाही झालं, दोघंही छान जेवतात.

आधी राग काढून टाका, त्या ऑफिसातल्या बाईंचा दोष नाही. जॉर्जियाच्या शिक्षण मंडळाच्या नियमातच लिहिलंय की राज्याच्या आत एका जिल्ह्यात (म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये) पात्र ठरलेलं मूल दुसऱ्या जिल्ह्यातही पात्र, पण राज्याबाहेरची पात्रता मानायचं बंधन नाही. नियम क्रमांक १६०-४-२-.३८, शोधा, सापडेल. वाचायला रटाळ आहे, पण एकदा वाचाच.

का धरत नाहीत, तर अमेरिकेत याला देशपातळीवरचा कायदाच नाही. अपंगत्व असलेल्या मुलांना आयडीईए कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचं आयईपी (त्या मुलासाठी आखलेला शिक्षणाचा आराखडा) राज्य बदललं तरी निदान सुरुवातीला सोबत येतं. हुशार मुलांसाठी १९८८ चा जॅव्हिट्स कायदा आहे, पण तो संशोधनाला वगैरे थोडे पैसे देतो, हक्क देत नाही. त्यामुळे 'गिफ्टेड' कोणाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. रेशन कार्डासारखं समजा. माणूस तोच, पण कार्ड नवीन काढायचं.

आता कामाचं. "वुई विल कीप अॅन आय" यावर विसंबू नका. त्याच नियमात आहे की शिफारस शिक्षक करू शकतात तसे पालकही करू शकतात. मूल स्वतः करू शकतं, मित्रमैत्रिणी करू शकतात. तोंडी विचारू नका, ईमेल करा: "मी माझ्या मुलीची गिफ्टेड मूल्यमापनासाठी शिफारस करत आहे, पुढची प्रक्रिया आणि वेळापत्रक कळवावं." एवढंच. शाळेचं नाही तरी जिल्ह्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं, आणि मुदत गेली की पुढचं सत्र.

---

हडसनपलीकडे

न्यू जर्सीवाली म्हणून जरा भर घालते. तुमच्या पत्राला बाहेर किंमत नाही याला आपल्याकडची पद्धतही कारण आहे. इथे राज्याने आकडा ठरवलेलाच नाही. जानेवारी २०२० मध्ये नवा कायदा झाला, तरी व्याख्या तीच: आपापल्या जिल्ह्यातल्या समवयस्कांच्या तुलनेत पुढे असलेलं मूल. म्हणजे एडिसनमधलं मूल एडिसनच्याच मुलांशी तोललं जातं. आता एडिसनमधली मुलं कशी असतात हे मी सांगायला नको (निम्मी रविवारी कुमॉनच्या क्लासला भेटतात). पण पत्रावर ते दिसत नाही ना! पत्रावर फक्त "निवड झाली" एवढंच.

पत्र बाजूला ठेवा, आकडे मागवा. कुठली चाचणी, कुठल्या महिन्यात, वयानुसार पर्सेंटाइल किती (म्हणजे त्या वयाच्या शंभरांत किती मुलांच्या पुढे). शाळेच्या नोंदी बघण्याचा हक्क पालकांना १९७४ च्या फेर्पा कायद्याने आहे, शाळेला जास्तीत जास्त ४५ दिवसांत दाखवाव्याच लागतात. मी मैत्रिणीसाठी हे करून दिलंय, एका ईमेलवर काम झालं.

---

पोटोमॅककाठी

आम्ही टेक्सासहून व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीत आलो तेव्हा हेच झालं होतं. इथे गिफ्टेड कार्यक्रमाला एएपी म्हणतात आणि त्याच्या चार पातळ्या आहेत. सगळी मारामारी चौथ्या पातळीसाठी, म्हणजे पूर्णवेळ वर्गासाठी. शाळेत या कार्यक्रमाच्या खास शिक्षिका असतात, त्यांना एएआरटी म्हणतात, त्यांना गाठा. फाईल मध्यवर्ती समितीकडे जाते: चाचण्यांचे गुण, शिक्षकांचं मूल्यांकन, मुलाच्या कामाचे नमुने, पालकांची प्रश्नावली. टेक्सासमधली चित्रं, निबंध मी टाकून दिले होते, त्याचा फार पश्चात्ताप झाला. कैरी, काहीही टाकू नका!

दुसरं म्हणजे, आम्ही जॉर्ज मेसन विद्यापीठात डब्ल्यूआयएससी ही बुद्ध्यांकाची चाचणी करून घेतली आणि ती इथे धरली गेली. तुम्हीही परवानाधारक मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या, थोडे पैसे जातात पण प्रश्न मिटतो.

---

खडूफळा

पोटोमॅककाठी, थांबा थांबा! तुमचं फेअरफॅक्सपुरतं बरोबर आहे, जॉर्जियात उलटं आहे. मी इथल्याच एका शाळेत शिकवते, गिफ्टेडची एन्डॉर्समेंट (शिकवण्याची अधिकृत पात्रता) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शाळेचं नाव विचारू नका.

इथे बाहेरून केलेली चाचणी शिफारशीच्या वेळी विचारात घ्यावी लागते, पण शाळेने स्वतः गोळा केलेल्या माहितीच्या जागी ती वापरता येत नाही. म्हणजे खाजगी अहवालाने दार उघडेल, आत बसायला शाळेचीच चाचणी लागेल. पैसे खर्च करण्याआधी हे माहीत असावं. दरवर्षी दोन-तीन पालक जाडजूड अहवाल घेऊन येतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

जॉर्जियात चार खाती आहेत: बौद्धिक क्षमता, शैक्षणिक प्राप्ती, सर्जनशीलता, प्रेरणा. पात्र व्हायला दोन वाटा. एक, बौद्धिक क्षमता आणि प्राप्ती दोन्हीत बसणे. दुसरी, चारांपैकी कुठल्याही तिनांत बसणे. पहिल्या वाटेने जायचं तर बौद्धिक क्षमतेसाठी बालवाडी ते दुसरीपर्यंत ९९ वं पर्सेंटाइल लागतं, तिसरीपासून पुढे ९६ वं (दुसऱ्या वाटेने सगळ्यांनाच ९६). प्राप्तीसाठी वाचन किंवा गणितात ९० वं. सर्जनशीलता आणि प्रेरणेसाठीही ९० चीच रेघ. प्रेरणा सहसा चाचणीवर मोजत नाहीत. शिक्षकांचं रेटिंग असतं, किंवा मुलाने केलेला प्रकल्प निदान तीन जणांचं पॅनेल तपासतं. मोठ्या वर्गात ३.५ जीपीए (ग्रेडची सरासरी) चालतो. एका खात्यात वापरलेली माहिती दुसऱ्यात वापरायची नाही, आणि निदान एक खातं तरी राष्ट्रीय मानकांच्या चाचणीवर पार झालं पाहिजे. माहिती दोन वर्षांपर्यंत ग्राह्य.

याचे कैरीसाठी दोन अर्थ. लेक तिसरीत आहे हे फार बरं झालं, गेल्या वर्षी आली असतीत तर पहिल्या वाटेने ९९ लागले असते. आणि धाकट्याची घाई करू नका. पहिल्या वाटेने त्याला आत्ता ९९ लागतील, दोन वर्षांनी ९६.

कॉगॅट (शाळेत घेतात ती बौद्धिक क्षमतेची चाचणी) याचे आकडे बघताना गोंधळ होतो म्हणून सांगते. त्याची सरासरी १००, प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) १६. म्हणजे ९६ वं पर्सेंटाइल साधारण १२८ ला येतं. फेअरफॅक्सच्या लोकांच्या तोंडी १३२ असतं आणि फ्लोरिडावाले १३० म्हणतात, ते ऐकून पालक भांडतात. पण डब्ल्यूआयएससीचं विचलन १५ आहे, त्यामुळे तिथले १३० आणि कॉगॅटचे १३२ ही एकच जागा, दोन्ही ९८ वं पर्सेंटाइल. नुसता आकडा सांगू नका, चाचणीचं नाव सांगा.

---

दक्षिणमुखी

खडूफळा, तुमचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावावा असा आहे.

---

नांगर

आमच्याकडे जरा वेगळं. नवरा सैन्यात, चौदा वर्षांत सहा घरं, सध्या जॉर्जियातल्याच कोलंबसजवळ. सैनिकांच्या मुलांसाठी आंतरराज्य करार आहे, पन्नासही राज्यं त्यात आहेत. त्यानुसार आधीच्या शाळेत मूल गिफ्टेड वर्गात असेल तर नव्या शाळेने तसा कार्यक्रम असल्यास सुरुवातीला तिथेच बसवायचं, हवं तर नंतर तपासायचं. इतरांना आधी तपासणी मग बसणं, आम्हाला आधी बसणं मग तपासणी. इथे कोणी सैन्यातलं वाचत असेल तर शाळेत हे नक्की बोलून दाखवा. समोरच्याला माहीत असतंच असं नाही.

---

हरभऱ्याचं_झाड

माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी देतो. आठ वर्षांच्या पोरीला "मी आता नॉर्मल आहे का" हा प्रश्न पडतो, तो ती गिफ्टेड नसल्यामुळे नव्हे, आपण तिला ती गिफ्टेड आहे हे सांगितल्यामुळे. आमच्या वेळी चौथीची स्कॉलरशिप होती. बाईंनी दहा जण निवडले, शाळा सुटल्यावर जादा तास, गाईडं पाठ. मी दहात होतो. अकरावा माझा जिवलग मित्र होता. आज तो काय करतो आणि मी काय करतो हे सांगत नाही, पण स्कॉलरशिप मला मिळाली होती एवढं लक्षात ठेवा.

खेळू द्या पोरांना.

---

कैरी_पन्हं

सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल आजच टाकला. एडिसनलाही नोंदींसाठी लिहिलं.

@हरभऱ्याचं_झाड, लागलं, पण बरोबर जागी लागलं. निवड झाली तेव्हा आम्ही केक कापला होता, हे मी मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं. तरी एक सांगते. मला लेबल नकोय. या शाळेत ती गणिताचं पान सहा मिनिटांत संपवते आणि उरलेला वेळ पेन्सिलींना टोकं करते. घरी येते तेव्हा दप्तरात शार्पनरचा भुसा असतो. तिच्या बाई चांगल्या आहेत, पण वर्गात सव्वीस मुलं आहेत. मला त्या पेन्सिलींचं काहीतरी करायचंय.

---

घाटमाथा

देशातून लिहितोय. तुमच्याकडे निदान पुन्हा परीक्षा तरी घेतात! नवोदयचा नियम आठवा: ज्या जिल्ह्यातल्या विद्यालयात जायचं त्याच जिल्ह्यात मूल पाचवीत शिकत असलं पाहिजे, आणि सहावीची ती परीक्षा आयुष्यात एकदाच. माझ्या बहिणीच्या पाचवीच्या वर्षी बाबांची साताऱ्याहून बेळगावला बदली निघाली होती. बाबांनी साहेबांच्या घरी दोन खेपा घातल्या आणि बदली एक वर्ष पुढे ढकलून घेतली. बहिणीचं काही झालं नाही परीक्षेत. पण त्या ढकललेल्या वर्षात आमच्या घरी आंब्याचं झाड लागलं, ते अजून आहे. (अवांतर झालं, क्षमस्व.)

---

चकणा_तारा

कॉगॅटची कुठली पुस्तकं चांगली? आमच्या गल्लीतली सगळी मुलं उन्हाळाभर क्लासला होती म्हणे. आपणच मागे राहू नये.

---

खडूफळा

@चकणा_तारा, खरं सांगू? प्रश्नांचा साचा काय असतो, हे मुलाने एकदा पाहिलेलं असावं. उदाहरणार्थ, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कशी भोकं दिसतील. हे आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेतच बघितलं तर काही मुलं गोंधळतात. त्यासाठी दोन संध्याकाळी पुरेत. त्यापलीकडे चार महिने रोज एक पान घोटून घेतलेलं मूल वर्गात आलं की मला आठवडाभरात कळतं. ते "बरोबर आहे का?" म्हणून माझ्याकडे बघत राहतं.

सर्जनशीलतेच्या चाचणीला तर तयारी करूच नका. इथे बऱ्याच ठिकाणी टॉरन्सची चाचणी वापरतात. हे टॉरन्स जॉर्जियाचेच, अथेन्सच्या विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्या चित्रांच्या चाचणीत अर्धवट रेघा देतात आणि चित्र पूर्ण करायला सांगतात. गुण सुबक चित्राला नाहीत. किती कल्पना, किती वेगळ्या, किती तपशील, चित्राला नाव काय दिलं याला आहेत. आणि एक गुण मला फार आवडतो: उघडी आकृती मूल घाईघाईने बंद करून टाकतं का, की ती थोडा वेळ उघडी राहू देतं. एका क्लासवाल्याने मुलांना "प्रत्येक गोलाचा चेहरा करा" शिकवलं होतं. सतरा पोरांचे सतरा चेहरे आले.

---

गोल्डन_गेटकर

कॅलिफोर्नियातून हजेरी. इकडे गेटसाठीचा (आमचा गिफ्टेड कार्यक्रम) वेगळा निधी २०१३ मध्ये सर्वसाधारण निधीत मिसळला, तेव्हापासून ठेवायचं की बंद करायचं ते जिल्ह्यावर. त्यामुळे इथून बाहेर जाणाऱ्यांकडे दाखवायला पत्रसुद्धा नसतं. बाकी चालू द्या.

---

कैरी_पन्हं

अपडेट द्यायला ऑक्टोबर उजाडला.

ईमेलला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, संमतीपत्रावर सही घेतली (लेखी संमतीशिवाय चाचणी करत नाहीत). एडिसनहून आकडे आले. तिकडची चाचणी दीड वर्षापूर्वीची, त्यात गणित छान, भाषा बरी. शाळेने ते शिफारशीसोबत जोडून घेतले. इथली कॉगॅट गेल्या आठवड्यात तीन दिवसांत झाली. घरी आल्यावर विचारलं कसं गेलं, तर म्हणे डब्यातला पराठा थंड होता.

---

कैरी_पन्हं

आज कॉगॅटचा निकाल आला. पर्सेंटाइल ९५. पुन्हा वाचा, ९५. नवरा तेव्हापासून "एक टक्का, एक टक्का" करत फिरतोय. त्याला म्हटलं अरे तो टक्का नाही, पर्सेंटाइल आहे. त्याने जास्तच वाईट वाटून घेतलं.

---

दक्षिणमुखी

दुसरी वाट आहे ना. आता उरलेल्या तिनांपैकी तीन. गणित ९० च्या वर असणारच.

---

खडूफळा

कैरी, दक्षिणमुखी म्हणतात तेच. बौद्धिक क्षमतेत अगदी काठावर राहिलेली किती तरी मुलं मी दुसऱ्या वाटेने येताना पाहिली आहेत, आणि माझ्या वर्गात तीच जास्त रमतात. प्राप्ती आणि सर्जनशीलता झाली की प्रेरणेचं रेटिंग कोण भरणार तेवढं विचारून घ्या. ज्या बाई तिला पेन्सिली टोकदार करतानाच बघतात त्यांना तिची प्रेरणा कशी दिसणार? प्रकल्पाचा पर्याय तुमच्या जिल्ह्यात वापरतात का तेही विचारा.

---

हरभऱ्याचं_झाड

मी विरोधी पक्षात आहे, पण मलाही आता निकाल जाणून घ्यायचाय. कळवा.

---

कैरी_पन्हं

निकाल. गणित ९८. सर्जनशीलता ९३. प्रेरणेसाठी इथे प्रकल्पाचा पर्याय होता, तिने पुलांचाच घेतला. पाच आठवडे स्वयंपाकघरात आइस्क्रीमच्या काड्या आणि गोंद. दोन पूल पडले. पहिला का पडला हे तिने वहीत स्वतःच्या भाषेत लिहिलं आणि ते पान काढून टाकायला नकार दिला. पॅनेलने ९२ गुण दिले. पात्रतेचं पत्र काल हातात पडलं. यावेळी केक नाही, नेहमीचा वरणभात झाला. तिला सांगितलं, मंगळवारपासून तुझा गणिताचा एक तास दुसऱ्या खोलीत असेल. तिने विचारलं, तिथे शार्पनर आहे का.

टॉरन्सच्या चाचणीत काय काढलं ते मी विचारलं नव्हतं, पण आजीला फोनवर सांगताना ऐकलं. दोन-दोन उभ्या रेघांची पानभर रांग होती, त्यांतल्या एका जोडीचं तिने एडिसनचं रेल्वे स्टेशन केलं. गाडी मात्र काढली नाही, कारण ती "येऊन गेलेली" होती. नाव दिलं: "आम्ही उशिरा पोचलो."

धाकट्याचं नाव काढत नाहीये. तिसरीत बघू.

---

नांगर

अभिनंदन! ते नाव मलाच जास्त लागू पडतं.

---

पोटोमॅककाठी

+१. आणि ती वही टाकू नका. पुढच्या राज्यात लागेल.

---

भोवरा

कैरीताई, लेकीचं अभिनंदन. हा सगळा धागा वाचून आम्ही येताना एआयजीचं पत्र, तिन्ही वर्षांचे आकडे, कामाचे नमुने, शिक्षकांचा मेल असं सगळं एका फाईलीत नीट लावून आणलं. काल शाळेत नाव घातलं.

बाई गोड हसल्या आणि झेरॉक्स काढली.